सावली पाहून गाडी लावावी

१

घरातून निघताना भांडू नये, असं श्रीरंग बोरकुटे अख्ख्या क्वार्टर लायनीला सांगत फिरायचा आणि स्वतः दर वेळी भांडूनच निघायचा. त्या दिवशीचं भांडण स्टोव्हच्या पिनेवरून लागलं.

"पिना दोन ठिकाणी ठेवाव्या. एक पाकीट डब्यात, एक माणसाच्या अंगावर. जंगलात पिन हरवली तर काय करशील? बाभळीच्या काट्यानं स्टोव्ह साफ करशील?"

"तुमची जीभ आहे ना जी. तिच्याहून टोकदार काय असते?" हेमलता म्हणाली. तिनं पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन गाडीत जाऊन बसली.

गाडी म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली जुनी अँब्युलन्स. श्रीरंगनं ती दारात आणून उभी केली तेव्हा हेमलता कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मग त्यानं आत फळ्यांचे दोन बिछाने ठोकले, एक खाली, एक वर. पाण्याचं पिंप बसवलं, स्टोव्हला लोखंडी चौकट केली, आणि लाल क्रॉसवर हिरवा रंग मारला. रंग पातळ निघाला. उन्हात क्रॉस अजून दिसायचा, त्यामुळे शेजारचे रामराव दर वेळी फाटकाशी येऊन विचारायचे, "काय मुकादम, आज पेशंट कोण?"

"तुम्हीच चला. वरच्या मजल्यावर बिघाड आहे तुमच्या," असं उत्तर द्यायचं आणि हॉर्न वाजवत निघायचं. हा शिरस्ता होता.

श्रीरंग जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत खलाशी टोळीचा मुकादम होता. खलाशी म्हणजे जहाजावरचे नव्हेत. कारखान्यात अवजड माल उचलणारी, हलवणारी, साखळ्या बांधणारी माणसं. एकाहत्तरच्या डिसेंबरातली लढाई चालू होती तेव्हा कारखान्याला रात्र नव्हती की दिवस नव्हता. तो अंधारात जायचा, अंधारात यायचा, आणि घरातही ब्लॅकआउटचा अंधारच. लढाई संपली, थंडी ओसरली, तरी काचांना चिकटवलेले तपकिरी कागद अजून कोणाच्याच घरातून पुरते निघाले नव्हते.

त्याच दिवसांत एका सकाळी सात वर्षांची बेबी अर्धवट झोपेत त्याच्याकडे पाहून म्हणाली होती, "आई, अंकल आले." हेमलता हसली. श्रीरंगही हसला, पण त्या दिवशी त्यानं डबा न उघडताच परत आणला. लढाई लांब कुठं तरी झाली आणि आपली पोरगी मात्र घरातल्या घरात हातची गेली, असं त्याला वाटलं. सुट्टी मिळेल त्या दिवशी तिला घेऊन निघायचं आणि परत आपली करून आणायचं, एवढं एकच त्याला हवं होतं.

२

"सावली पाहून गाडी लावावी," तिलवाऱ्याच्या पुलावर चढताना तो सांगत होता. बेबी पुढे दोघांच्या मध्ये बसली होती आणि विद्यार्थिनीसारखी मान हलवत होती. "पत्रा तापला की पोरं किरकिरतात. पोरं किरकिरली की आई तापते. आई तापली की मग सहल कसली, कोर्टकचेरीच."

"बाबा, नदी!"

"नर्मदे हर," म्हणून हेमलतानं हात जोडले. बेबीनंही जोडले. श्रीरंगनं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला आणि पुन्हा सुरू झाला. "झाडाखाली लावायची तर आधी वर पाहावं. वाळकी फांदी आहे का, माशांचं पोळं आहे का. माणसाला खाली पाहून चालायची सवय असते. मार वरून बसतो."

"यांच्याबरोबर यायचं म्हणजे शाळेत येण्यासारखं आहे," हेमलता बेबीला म्हणाली. पण म्हणताना ती खिडकीबाहेर पाहून हसत होती, हे श्रीरंगनं आरशात पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

बरगीच्या पुढं त्यांनी पक्की सडक सोडली. बैलगाडीची वाट गव्हाच्या शेतांमधून, सागाच्या रानातून नदीकडे उतरत होती. दोन्ही बाजूंना डोंगर होते. त्यांच्या पोटावर खूप उंच, एका रांगेत, चुन्याचे पांढरे ठिपके मारलेले दिसले.

"वो क्या है, बाबा?"

"सरकारी माणसं काही तरी मोजून राहिली असतील."

"इतक्या वर?"

"सरकारचं डोकं नेहमी वरच असते," श्रीरंग म्हणाला. बेबी खळखळून हसली. विनोद तिला कळला नव्हता. बाप हसला म्हणून ती हसली. श्रीरंगला तेवढं पुरलं. सुट्टीचा पहिला दिवस आणि पोरगी अर्धी परत आली होती.

वाट संपली तिथं नर्मदेचं पात्र एकदम उघडं झालं. पांढऱ्या वाळूचं मोठंच्या मोठं मैदान, पलीकडे निळं-हिरवं पाणी, त्याच्याही पलीकडे काळे खडक. झाड औषधालाही नाही. दुपार व्हायला आली होती. श्रीरंग गाडी वळवायच्याच बेतात होता, तेवढ्यात त्याला पुढं सावली दिसली. चांगली ऐसपैस, गार, गडद सावली. एखादं लग्न जेवायला बसलं असतं इतकी.

"याला म्हणतात नशीब!" तो म्हणाला, आणि गाडी सरळ तिच्या मधोमध नेऊन उभी केली.

३

चाकांखाली पोती घातली, दोन चाकांना दगड लावले. गाडीचा पत्रा हां हां म्हणता गार झाला. हेमलतानं चहा ठेवला. बेबी अनवाणी वाळूत धावत सुटली.

चहाचा पहिला घोट घेऊन हेमलता म्हणाली, "काहो, ही सावली कशाची आहे?"

श्रीरंगनं कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. डोंगर लांब होते. कडा नव्हता, झाड नव्हतं, मचाणसुद्धा नव्हतं. मग त्यानं दुसऱ्यांना सांगतो तसं वर पाहिलं. आभाळ स्वच्छ निळं होतं आणि डोक्यावर सूर्य होता.

त्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होतं. डोळे दिपत नव्हते, पाणी येत नव्हतं. जुन्या आरशात दिवा दिसावा तसा तो दिसत होता.

"ढग असेल," तो म्हणाला.

"कुठं आहे?"

"पातळ असेल. रानात कुठं वणवा लागला तरी असं होते. धूर पसरते वर."

हेमलतानं हवा हुंगली. धुराचा वास नव्हता. श्रीरंगला मात्र राहवेना. तो उठून सावलीच्या कडेपर्यंत चालत गेला. ढगाची सावली कडेला विरत जाते. ही तशी नव्हती. इकडे गार वाळू, तिकडे पाय पोळतील अशी वाळू, मध्ये सुताची रेघ मारल्यासारखी हद्द. आणि सावलीत खाली वाळूवर उजेडाच्या बारीक बारीक रेषा सरकत होत्या. एकमेकींत गुंतायच्या, सुटायच्या, पुन्हा गुंतायच्या. परातीतल्या पाण्यावर ऊन पडलं की घराच्या आढ्यावर अशाच नाचतात. नदीवरून ऊन उलटून येत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. उलटलेलं ऊन आढ्यावर पडतं, जमिनीवर पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण आधीच दोन कारणं देऊन झाली होती. तिसरंही मोडीत काढायला त्याचं मन होईना.

कडेच्या पलीकडे उन्हात एक बाई बोरांची टोपली घेऊन उभी होती. शेजारच्या गावची असावी. पाय भाजत असतील, एकदा हा उचलायची, एकदा तो, पण पुढं येत नव्हती.

"दीदी, इधर आ जाओ, धूप में," तिनं हेमलताला हाक मारली.

"तूच ये ना बाई, यहाँ ठंडा है!"

"हओ, ठंडा है," ती म्हणाली. "एई से नईं आते." गार आहे म्हणूनच येत नाही, असं तिचं म्हणणं.

शेवटी हेमलताच गेली आणि ओटीत बोरं घेऊन आली. बाई टोपली डोक्यावर ठेवून वळली, मग थांबली. वाळूत किल्ला करणाऱ्या बेबीकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"बिटिया को धूप में काए नईं लाईं?" एवढंच बोलली आणि चालती झाली.

"या खेड्यातल्या लोकांना ऊन फार आवडते," श्रीरंग म्हणाला. बोर गोड होतं, पण त्याला त्याची चव लागली नाही.

४

जेवणं झाली. बेबी पाण्याच्या काठी उभी राहून हात हलवत होती.

"बाबा, देखो ना! तो माणूस टाटा करून राहिला."

पलीकडच्या काठावर, काळ्या खडकावर, एक माणूस उभा होता. अंतर बरंच होतं, नाकडोळे दिसत नव्हते. उजवा हात बाजूला लांब केलेला, तळवा जमिनीकडे, आणि तो तळवा हळूहळू खाली, पुन्हा जागेवर, पुन्हा खाली. त्याची मान वर होती. तो बेबीकडे पाहतच नव्हता.

श्रीरंगला हसू फुटलं. "टाटा नव्हे गं वेडे. आपल्यातला आहे हा! खलाशी आहे!"

त्याला खरोखरच आनंद झाला. परमुलखात गावचा माणूस भेटावा तसा. कारखान्यात घणांचा आणि यंत्रांचा असा कल्लोळ असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. वर छताला लागून क्रेन धावते, क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसलेला, आणि खाली खलाशी. सगळं बोलणं हातानं. तळवा खाली करून हलवला की उतरव, हळू. मूठ वळून वर धरली की थांब. मूठ वर आहे तोवर क्रेनवाला हँडलला हात लावत नाही, उघडली की पहिलं काम पुन्हा चालू. क्रेनवाला एकाच माणसाच्या हाताकडे पाहतो, बाकीचं जग त्याला नाही. मध्ये खांब आला, वाफ आली, तर दुसरा खलाशी तोच इशारा आपल्या हातानं पुढं देतो. दिला की पहिला मोकळा. लोड, म्हणजे क्रेनला टांगलेला माल, दुसऱ्याचा झाला, आणि टेकेपर्यंत त्यानं तो सोडायचा नाही, मग घरी बाप मरत असला तरी.

इतक्या वर्षांत ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. कोणी इशारा करताना दिसला की त्याचा हात आपोआप उठायचा, देवळावरून जाताना कपाळाकडे जातो तसा.

आत्ताही उठला. थोडी सवय, थोडी गंमत, थोडं पोरीला हसवायचं. त्यानं उजवा हात लांब केला, तळवा खाली केला आणि हलवला. हळू. उतरव.

पलीकडच्या माणसानं तेव्हा पहिल्यांदा इकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं आपला हात खाली घेतला, तोही असा, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे आणि जपून ठेवायचा आहे. तो खडकावर मटकन बसला. दोन्ही गुडघ्यांत तोंड घातलं. पाठ हलत होती. हसत होता की रडत होता, एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता. नंतर उठला आणि काठ चढून गेला. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

"गेले अंकल," बेबी म्हणाली.

"बाबा आहे ना इथं," श्रीरंग म्हणाला, आणि तिला उचलून गाडीकडे घेऊन गेला. जेवल्यावर पोरांना तासभर आडवं करावं, हाही त्याचा एक नियम होता. बेबीला वरच्या बिछान्यावर निजवून त्यानं माशा नकोत म्हणून मागचं दार लोटून घेतलं.

५

पहिल्यांदा आवाज गेले. एकदम नाही, कोणी रजई पांघरत आणावी तसे. नदीचा खळाळ दबला, कावळे दबले. हेमलता भांडी घासत होती, त्या भांड्यांचा आवाजही लांबून आल्यासारखा यायला लागला.

बाहेर वाळूवर चहासाठी पेटवलेला स्टोव्ह भकभकला आणि त्याची ज्योत बसली. श्रीरंगनं खिशातली पिन काढली, स्टोव्ह साफ केला, पंप मारला. ज्योत उठली आणि पुन्हा बसली, कोणी वरून तळहात ठेवल्यासारखी.

मग गाडी कण्हली. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या करकरल्या आणि चाकं पोत्यांत बोटभर रुतली. खूप जड माल भरताना गाडी अशीच करते. आत तर एक सात वर्षांची पोरगी होती.

"वाळू बसून राहिली असेल," श्रीरंग म्हणाला. पण हे तो कोणाला सांगत होता? हेमलता लांब होती. लढाईचे दिवस अंगावर निघून राहिले, असंही त्यानं मनाशी म्हणून पाहिलं. दोन-दोन पाळ्या, झोप नाही. माणसाचं डोकं म्हणजे काय दगड आहे?

तेवढ्यात त्याचं स्वतःच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. हात बाजूला लांबलेला होता. तळवा खाली. हळूहळू हलत होता.

शरमेनं त्याचे कान तापले. म्हाताऱ्या माणसाची मान हलते तसा आपला हात हलतो की काय! त्यानं रागानं मूठ वळली. गाडीची करकर थांबली.

तो तसाच उभा राहिला. मग एका एका बोटानं मूठ उघडली. पाट्या करकरल्या, चाकं आणखी रुतली. मूठ वळली, थांबलं. हे काय होतं ते त्याला त्या क्षणी कळलं. आपण काय घेऊन बसलो तेही कळलं. पलीकडच्या माणसाचा लोड आता त्याच्या हातात होता. इतकी वर्षं त्यानं कोणाचा इशारा उगाच पुढं दिला नव्हता. आज पोरीला हसवायला दिला होता.

त्यानं मूठ डोक्याच्याही वर उचलली आणि धरून ठेवली.

"आई!" गाडीतून बेबीची दबलेली किंकाळी आली. "आई, कान दुखून राहिले! बहुत दुखून राहिले!"

६

हेमलता धावली. मागच्या दाराची कडी तिनं ओढली, दार हललं नाही. पाय टेकवून ओढलं, तरी नाही. श्रीरंगनं डावा हात लावला. कडी नीट फिरत होती, चौकट वाकली नव्हती, पण बाहेरून दहा माणसं पाठ लावून उभी असावीत तसं ते दार बसलं होतं.

"दुसराही हात लावा ना! काहून वर करून उभे राहिले असे?"

तेव्हा त्यानं वर पाहिलं. लोडखाली सापडलेला खलाशी सगळ्यात आधी वर पाहतो.

इतका वेळ आपण आभाळ समजत होतो ते आभाळ नव्हतं. ते पोट होतं. नितळ, निळसर, कुठं सांधा नाही, कड नाही; एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत, आणि नदीच्या वरच्या अंगाला नजर पोचेल तिथवर. त्यातून उजेड गाळून येत होता. सूर्य त्याच्या पार पलीकडे होता आणि थरथरत होता. आणि हे सगळं, इतकं सगळं, त्याच्या एका मुठीकडे पाहत थांबलं होतं. श्रीरंगनं आयुष्यभर मोठ्या वस्तू पाहिल्या होत्या. तोफांच्या नळ्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि एकदाही त्याला कशासमोर लहान वाटलं नव्हतं. आता वाटलं. भीतीनं नव्हे. इतकं मोठं काही असू शकतं आणि ते इतकं शांत असू शकतं, यानंच त्याला भरून आलं. आत पोरगी रडत होती आणि हा मेला डोळ्यांत पाणी आणून वर पाहत होता! माणसाचं काही सांगता येत नाही.

बेबीनं आतून दारावर लाथ मारली, तेव्हा तो भानावर आला.

त्यानं एक पाऊल बाजूला टाकून पाहिलं. सावलीची कड तेवढीच सरकली. जिथं तो जाईल तिथं ते येणार होतं. म्हणजे त्याला गाडीबरोबर जाता येणार नव्हतं.

"हेमलता, गाडी काढ. तू चालव. उन्हात ने. उन्हात गेल्यावर दार उघडेल."

"मी? मला कुठं येते जी!"

"मैदानावर चालवली ना तू."

"भिंतीवर घातली होती!"

"इथं भिंत नाही. चलो, बस. क्लच पुरा दाब, पहिला गिअर, आणि वाळूत थांबायचं नाही. काही झालं तरी थांबायचं नाही."

त्याच्या आवाजात असं काही होतं की तिनं उलट विचारलं नाही. डाव्या हातानं त्यानं चाकांचे दगड काढले. ती पुढं चढली. सेल्फ दोनदा घरघरला आणि बंद पडला. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, पण त्याचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. गाडीनं धक्का खाल्ला, मागची चाकं गरकन जागेवर फिरली, मग पोत्यांवर त्यांना पकड मिळाली आणि ती हिंदकळत सुटली. तपकिरी कागद अर्धवट निघालेल्या मागच्या काचेत बेबीचा हात दिसला. श्रीरंगचा दंड आता जळत होता, खांद्यात सुया टोचत होत्या. त्यानं डाव्या हातानं उजवं कोपर खालून धरलं.

"मैया, एवढी पोरगी जाऊ दे," तो मोठ्यानं म्हणाला. नवस बोलायची त्याची सवय नव्हती. काय द्यायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं तेच पुन्हा म्हटलं.

गाडी रेघ ओलांडून उन्हात गेली. पत्रा एकदम चमकला. पार वाळूच्या टोकाशी, जिथं वाट वर चढायला लागते, तिथं ती उभी राहिली. हेमलता उतरून मागं धावली, कडी ओढली, आणि दार साधं घरातलं दार उघडावं तसं उघडलं. बेबीनं खाली उडी मारली. कानांवरचे हात तिनं काढले.

श्रीरंग हुंदका देऊन रडला. झालं. आता त्याचं काहीही होवो.

७

पण पोरगी सुटली म्हणून लोड सुटत नाही. त्यानं पलीकडच्या काठावर नजर टाकली. काळा खडक रिकामा होता. तो माणूस तिथं कधीपासून उभा होता कोण जाणे. मटकन का बसला, मागं वळून का पाहिलं नाही, हे आता श्रीरंगला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला त्याचा रागही आला नाही.

कोणी तरी येईल. काठावर माणसं येतातच. तोवर उभं राहायचं. आपण हात खाली घेतला नाही म्हणजे झालं.

आणि आलं कोण, तर हेमलता.

बेबीला गाडीच्या दाराशी बसवून ती उन्हातून तरातरा निघाली होती, पदर खोचून, चिडून. सावलीच्या रेघेशी ती क्षणभरही थांबली नाही. "येऊ नको!" श्रीरंग ओरडला. आवाज तोंडाबाहेर पडला आणि तिथंच विरला. हातानं परत फिर म्हणून खुणावायचं, तर हाताची कुठलीही खूण वरच्यासाठी होती. त्यानं मान हलवली, डोळे मोठे केले, पाय आपटले. नवरा असा करायला लागल्यावर कोणती बायको परत फिरेल?

ती जवळ आली. त्याचा घामानं भिजलेला चेहरा तिनं पाहिला, थरथरणारा दंड पाहिला, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"काय झालं हो तुम्हाला?" ती म्हणाली. "झटका आला का? हात अकडला का? पोरगी बरी आहे. हसून राहिली. चला घरी, काही नाही झालं, चला." आणि दोन्ही हातांनी त्याचा उजवा हात धरून, आईनं लेकराचा धरावा तसा, तिनं तो खाली घेतला.

तो नको म्हणाला. पण हातात जोर नव्हता आणि तिच्या हातात माया होती. मूठ उघडली. तळवा जमिनीकडे झाला आणि खाली, खाली आला.

श्रीरंगनं डोळे मिटले, हेमलताला छातीशी ओढलं आणि वाट पाहिली.

काहीच आदळलं नाही. खलाशाला न पाहता कळतं, लोड टेकला की खांदे हलके होतात. त्याचे खांदे हलके झाले. कारखान्यात त्याचं नाव होतं ते याचसाठी, माल टेकल्याचा आवाज कधी येत नसे.

त्यानं डोळे उघडले. सगळं जागच्या जागी होतं. चहाचं भांडं, बोरं, बेबीचा वाळूचा किल्ला. उजेड तेवढा हिरवट झाला होता आणि उजेडाच्या त्या रेषा हेमलताच्या चेहऱ्यावरून सरकत होत्या. ती काही तरी सांगत होती. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. तिचा पदर खांद्यावरून उठला होता आणि वारा नसताना तसाच पसरून राहिला होता. खूप वर, जिथवर मानही वळत नव्हती तिथं, बत्ताशाएवढा सूर्य होता. भीती अशी वाटतच नव्हती. हात जोडावेसे वाटत होते. इतकं सुंदर काही त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

सावलीची रेघ कुठं दिसत नव्हती. डोंगरांवरच्या चुन्याच्या त्या ठिपक्यांपर्यंत सगळं त्याच हिरवट उजेडात बुडालं होतं. त्यानं वाळूच्या टोकाकडे पाहिलं, जिथं मघाशी ऊन होतं. गाडीचं मागचं दार उघडं होतं. बेबी दारात उभी राहून खुशीत वर बोट दाखवत होती, आणि तिच्या दोन्ही वेण्या डोक्यावर सरळ उभ्या राहून, रिबिनींसकट, हळूहळू हलत होत्या.